धनकोचा वकील

खरवईच्या औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखानदार परदेशी यंत्रासाठी रुपयांचे डॉलर आज बँकेतून करून घेतो. एके काळी सबंध देशाला स्वतःच्या कमाईचेही डॉलर मिळत नव्हते. तेव्हा देशाची बाजू जगापुढे मांडणाऱ्यांत कुलाबा जिल्ह्यातील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर म्हणून ते जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेस गेले. युद्धकाळात ब्रिटनला पुरविलेल्या मालाची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने अडकून पडली होती. ती येथील जनतेने महागाई व टंचाई सोसून केलेली, खरे म्हणजे तिच्यावर लादलेली, बचत होती. तिचा काही भाग डॉलरमध्ये बदलून मिळावा, ही हिंदी शिष्टमंडळाची मागणी ब्रिटनतर्फे केन्सने धुडकावली. मात्र नाणेनिधीत हिंदुस्थानचा हिस्सा ४० कोटी डॉलर ठरला आणि रशिया बाहेर राहिल्याने संचालक मंडळावर हक्काची जागा मिळाली. पारतंत्र्यातील देशाला हे थोडे नव्हते.

१९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी खास आर्थिक प्रतिनिधी नेमले. आता धनकोच्या या वकिलाला अमेरिकेशी गव्हाच्या कर्जाची प्राथमिक बोलणी करावी लागली. १९५० मध्ये, ते अर्थमंत्री असताना, पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँकेच्या संयुक्त सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले.