विश्लेषण : एअर शोमध्ये लढाऊ विमाने प्रेक्षकांपासून दूर का ठेवतात? जॉन डेरी आणि फार्नबरोची दुर्घटना

मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर उभे राहून हवाई दलाच्या कसरती पाहताना अनेकांची एक तक्रार असते : विमाने समुद्रावर लांबच राहतात, मोबाइलमध्ये नीट येत नाहीत. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. विमान कुठल्या रेषेच्या आत येणार नाही आणि किती उंचीच्या खाली उतरणार नाही, हे उड्डाणाआधीच ठरते. सुमारे पाऊण शतकापूर्वी अशी शिस्त जवळपास नव्हतीच. ती लागू होण्यामागे जी दुर्घटना आहे, त्यात त्या काळचे ब्रिटनमधील सर्वांत नावाजलेले चाचणी वैमानिक जॉन डेरी यांचा मृत्यू झाला. त्यांच्याबरोबर आणखी ३० जण गेले.

जॉन डेरी कोण होते?

जॉन डग्लस डेरी यांचा जन्म ५ डिसेंबर १९२१ रोजी इजिप्तमध्ये कैरो येथे झाला. वडील डग्लस डेरी तेथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. तुतानखामेनच्या ममीची १९२५ मध्ये पहिली वैद्यकीय तपासणी करणारे डॉक्टर ते हेच. मुलगा मात्र विमानांकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात जॉन ब्रिटिश हवाई दलात आले ते वैमानिक म्हणून नव्हे, तर सागरी गस्तीच्या विमानांवरील रेडिओ ऑपरेटर आणि तोफची म्हणून. वैमानिकाचे प्रशिक्षण नंतर मिळाले. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी टायफून विमानातून जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले केले आणि शौर्यपदकही मिळवले.

१९४७ मध्ये ते डी हॅविलंड कंपनीत चाचणी वैमानिक झाले. भारतीय हवाई दलाचे पहिले जेट विमान व्हॅम्पायर हे याच कंपनीचे. ते १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढे बेंगळूरुच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार होऊ लागले.

ध्वनीचा वेग ओलांडणे इतके धोक्याचे का होते?

विमान ध्वनिवेगाच्या जवळ पोहोचले की समोरची हवा बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, पंखांवर धक्कालहरी तयार होतात, विमान थरथरते आणि कधी कधी नाक आपोआप खाली झुकते. आज याचे गणित संगणक मांडतो. तेव्हा विमान वर नेऊन पाहणे हाच मोठा आधार होता.

कंपनीने त्यासाठी डीएच १०८ हे शेपटीचा आडवा भाग नसलेले विमान बनवले होते. सप्टेंबर १९४६ मध्ये संस्थापकांचा मुलगा जेफ्री डी हॅविलंड यातूनच उडताना ठार झाला. विमान थेम्स नदीच्या मुखावर हवेतच तुटले. संस्थापकांनी त्याआधी १९४३ मध्ये दुसरा मुलगाही विमान अपघातात गमावला होता. या मालिकेतील पुढच्या विमानात डेरी बसले. एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी १०० किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गावर ताशी सुमारे ९७४ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुमारे १२ हजार मीटर उंचीवरून सूर मारताना विमान ध्वनिवेगाच्या पुढे गेले. हा टप्पा गाठणारे पहिले ब्रिटिश वैमानिक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेच्या चक येगर यांनी तो आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गाठला होता, पण त्यांचे विमान रॉकेटवर चालणारे होते. डीएच १०८ ची तिन्ही विमाने अखेर कोसळली आणि प्रत्येकाने एका वैमानिकाचा जीव घेतला.

डेरी यांना बेदरकार म्हणणे मात्र चूक ठरेल. चाचणी वैमानिकाचे काम थरार दाखवण्याचे नसते. विमान कुठे ऐकेनासे होते ते पाहायचे, परत यायचे आणि अभियंत्यांना नेमके सांगायचे, हे ते काम. डेरी त्यात तरबेज होते. कसरतींमध्येही त्यांच्या नावाची एक चाल आजवर शिकवली जाते : एका बाजूला वळलेले विमान विरुद्ध दिशेला वळवताना सरळ न करता, उलट्या अंगाने गिरकी देऊन वळवायचे. तिला ‘डेरी टर्न’ म्हणतात.

६ सप्टेंबर १९५२ रोजी काय घडले?

लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या फार्नबरो येथे ब्रिटिश विमान उद्योगाचे प्रदर्शन भरले होते. शनिवार असल्याने लाखाहून अधिक लोक आले होते. हे प्रदर्शन म्हणजे करमणूक होती आणि बाजारही. लष्करी अधिकारी आणि परदेशी खरेदीदार पाहत असताना प्रत्येक कंपनी आपले नवे विमान जास्तीत जास्त वेगात आणि जास्तीत जास्त जवळून दाखवत असे. आकाशातून ध्वनिवेग ओलांडण्याचा दणका ऐकवणे हे तर त्या वर्षीचे मुख्य आकर्षण होते.

डी हॅविलंडचे डीएच ११० हे दोन इंजिनांचे, दोन आसनांचे नवे लढाऊ विमान होते. सर्व हवामानात आणि रात्री शत्रूची विमाने अडवण्यासाठी ते बनवले होते, आणि त्याचे दोनच नमुने तयार होते. प्रदर्शनात उडणाऱ्या नमुन्यात त्या दिवशी बिघाड झाला. डेरी आणि चाचणी निरीक्षक अँथनी रिचर्ड्स हॅटफिल्डच्या कारखान्यात परत गेले आणि दुसरा नमुना घेऊन आले.

उंचावरून सूर मारत त्यांनी दणका ऐकवला. मग विमान खाली आणून ते मैदानावरून ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने गेले, डावीकडे वळले आणि प्रेक्षकांच्या दिशेने आले. वळण संपवून वर चढण्याच्या बेतात असताना उजव्या पंखाचा बाहेरचा भाग निखळला. त्यानंतर सगळे सेकंदाभरातच झाले. विमान झटक्यात वर उसळले, कॉकपिट आणि शेपूट वेगळे झाले, दोन्ही इंजिने जागची सुटून पुढे फेकली गेली. विमान फुटले तरी त्याचा वेग संपत नाही. सुटलेला प्रत्येक तुकडा विमान ज्या दिशेला चालले होते त्याच दिशेला जातो, आणि त्या दिशेला गर्दी होती. एक इंजिन मैदानालगतच्या टेकडीवरील प्रेक्षकांत घुसले. बहुतेक मृत्यू तिथेच झाले. एकूण २९ प्रेक्षक ठार झाले, सुमारे ६० जखमी झाले. डेरी आणि रिचर्ड्स जागीच गेले. डेरी यांना ३१ वे वर्ष पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते.

प्रदर्शन मात्र थांबले नाही. धावपट्टीवरचे तुकडे हटवले गेले आणि थोड्याच वेळात नेव्हिल ड्यूक हॉकर हंटर घेऊन वर गेले. त्यांनीही दणका ऐकवला. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी पत्र लिहून त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला तेव्हा यात काही वावगे वाटले नाही. आजच्या वाचकाला ते खटकेल, आणि खटकणे रास्तच आहे.

विमान का तुटले?

दोष वैमानिकाचा नव्हता. पंखाच्या आतील मुख्य तुळईच्या पुढे जो गोलसर कडेचा भाग असतो, त्याला आतून पुरेसा आधार दिलेला नव्हता. विमान नुसते वळते तेव्हा पंख वरच्या बाजूला वाकतो. ते अंगाभोवती फिरू लागले की पंखाला पीळही पडतो. त्या क्षणी डेरी यांचे विमान दोन्ही गोष्टी एकाच वेळी करत होते. अपेक्षित ताकदीच्या ६४ टक्के भारातच पंखाचा पत्रा चुरगळला. म्हणजे कसरत विमानाच्या ठरलेल्या मर्यादेत होती. ती मर्यादाच कागदावरची निघाली. असा दोष चाचणीत सापडायला हवा होता. तो सापडला लाखभर लोकांसमोर.

उरलेल्या नमुन्यात दुरुस्ती करून चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. ब्रिटिश हवाई दलाने ग्लॉस्टर जॅव्हलिन निवडले, पण नौदलाने हेच विमान ‘सी व्हिक्सन’ या नावाने १९५९ पासून वापरले.

नियम काय बदलले?

ब्रिटनमध्ये यानंतर अंतरे ठरली. सरळ उडणारे जेट प्रेक्षकांपासून किमान २३० मीटर, कसरत करणारे ४५० मीटर, आणि उंची कधीही १५० मीटरपेक्षा कमी नाही. त्यातून मुख्य मुद्दा अधोरेखित झाला : अंतराइतकीच दिशाही महत्त्वाची, विमानाचा वेग गर्दीकडे रोखलेला नको. हा धडा सगळीकडे पोहोचायला वेळ लागला. १९८८ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथे इटालियन हवाई दलाच्या पथकातील एक विमान प्रेक्षकांच्या दिशेने येत असताना दुसऱ्या दोन विमानांवर आदळले आणि ७० जणांचा जीव गेला. २००२ मध्ये युक्रेनमधील ल्विव्हजवळ सुखोई विमान गर्दीत कोसळून ७७ जण ठार झाले.

ब्रिटनमध्ये १९५२ नंतर दीर्घकाळ एअर शोत एकही प्रेक्षक दगावला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये शोरहॅम येथे कसरत करणारे एक जुने विमान कोसळून ११ जण मृत्युमुखी पडले. ते हॉकर हंटरच होते, ड्यूक यांनी उडवलेल्या प्रकारचे. मैदानातील प्रेक्षक सुरक्षित राहिले. बळी पडले ते बाहेरच्या महामार्गावरचे आणि त्याच्या कडेचे लोक. नियमांत प्रेक्षकांची रेषा आखलेली होती, पण रस्त्याचा पुरेसा विचार झालेला नव्हता. त्यानंतर तेथील नागरी हवाई प्राधिकरणाने अंतरे आणखी वाढवली.