पशूंना विचार नाकारणारा तत्त्वज्ञ

१६२९-३०च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅममधील एका खाटकाकडे एक फ्रेंच गृहस्थ जवळजवळ रोज जात असत. जनावर कापले जाताना ते पाहत आणि हवे ते अवयव घरी मागवून त्यांचे विच्छेदन करीत. हे गृहस्थ म्हणजे आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे जनक मानले जाणारे रने देकार्त.

३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समधील ला हे या गावी त्यांचा जन्म झाला. ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयातील शिक्षण, कायद्याची पदवी आणि काही काळ सैनिकी पेशा, असा प्रवास करून ते हॉलंडमध्ये स्थायिक झाले. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीविषयक निबंधाच्या पाचव्या भागात त्यांनी पशू हे घड्याळासारखे, पण ईश्वराने घडविलेले यंत्र आहे, असा सिद्धान्त मांडला. त्याला आधार दोन. पोपट शब्द उच्चारतो, पण समोरच्याच्या बोलण्याला प्रसंगानुरूप उत्तर देत नाही. उलट जन्मतः मुकी-बहिरी माणसे स्वतःच्या खुणा निर्माण करतात. दुसरे असे की, एखाद्या कामात पशू माणसाला मागे टाकतो, मात्र इतर कामांत निरुपयोगी ठरतो. १९५० साली ॲलन ट्युरिंग यांनी यंत्रांसाठी सुचविलेली संभाषणाची कसोटी याच वळणाची होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

पशूंना विचारशक्ती मान्य केली, तर त्यांना अमर आत्माही मान्य करावा लागेल. मग कालवे आणि स्पंज यांनी काय पाप केले, ही त्यांची खरी अडचण होती. १६४६ साली न्यूकॅसलच्या मार्क्विसना लिहिलेल्या पत्रात ती स्पष्ट दिसते. पिएर गासंदी यांनी १६४१ मध्येच आक्षेप घेतला होता : माणूस आणि पशू यांच्या बुद्धीतील फरक जातीचा नसून प्रमाणाचा आहे. केंब्रिजचे हेन्री मोर यांना तर हा सिद्धान्त निर्दय वाटला. त्यांना ५ फेब्रुवारी १६४९ रोजी पाठविलेल्या उत्तरात देकार्त यांनी एक मोठी कबुली दिली. पशू विचार करीत नाहीत हे सिद्ध करता येत नाही, कारण मानवी मन त्यांच्या अंतरंगात पोहोचत नाही. पशूंचे जीवन आणि शरीरावर अवलंबून असलेली संवेदना आपण नाकारत नाही, हेही त्यांनी सांगितले. अनुयायांनी मात्र सिद्धान्त तेवढा उचलला, कबुली सोडून दिली.

त्याच वर्षी राणी ख्रिस्तिना यांच्या निमंत्रणावरून ते स्टॉकहोमला गेले. उशिरापर्यंत अंथरुणात पडून चिंतन करण्याची सवय असलेल्या या माणसाला ऐन थंडीत पहाटे पाचला राणीला शिकवावे लागे. ११ फेब्रुवारी १६५० रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पुढे १७४७ साली ला मेत्री या फ्रेंच वैद्याने त्यांचाच यंत्राचा दृष्टान्त घेऊन माणूसदेखील यंत्रच आहे, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले.