शेवटच्या माणसाची गोष्ट लिहिणारी मेरी

वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या अनेक गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे असते. आता तिथे वर्षातून एखादा नारळ फुटतो; पण आपल्या पणज्यांच्या काळी पटकी आली की सगळे गाव तिच्या पायाशी जमायचे. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात भडकलेली ही साथ पुढच्याच वर्षी नागपूर, मुंबईपर्यंत पोचली. १८२३ मध्ये ती कास्पियन समुद्राजवळच्या अस्त्राखानपर्यंत गेली आणि तिथे थांबली. युरोपला धास्ती भरली होती. त्याच सुमारास लंडनमध्ये एक तरुण विधवा साथीने अख्खी माणूसजात संपते अशी कादंबरी लिहायला बसली. तिचे नाव मेरी शेली. ‘फ्रँकेन्स्टाईन’ची लेखिका म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे, ‘द लास्ट मॅन’ मात्र फारच थोड्यांनी वाचली आहे.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी विदुषी. बाळंतपणात तिची वार पूर्ण पडली नाही. डॉक्टरांनी हात घालून ती तुकड्यातुकड्यांनी काढली. हात धुवून मग बाळंतिणीला शिवावे, हे वैद्यकाला कळायला अजून पन्नास वर्षे होती. बाळंतज्वराने अकराव्या दिवशी आई गेली.

पुढे कवी पर्सी शेलीशी संसार झाला. १८१५ मध्ये पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली आणि दोन आठवड्यांत गेली. १८१८ मध्ये इटलीतल्या प्रवासात वर्षाची क्लारा आजारी पडून व्हेनिसमध्ये दगावली. त्यानंतर नऊच महिन्यांनी साडेतीन वर्षांचा विल्यम रोममध्ये हिवतापाने गेला. त्या वेळी हिवताप दलदलीच्या वाईट हवेने होतो असे मानत. डासामुळे तो होतो हे अजून सिद्ध व्हायचे होते. एकटा पर्सी फ्लोरेन्स हा धाकटा मुलगा तेवढा जगला.

जून १८२२ मध्ये गर्भपात होऊन मेरीला इतका रक्तस्राव झाला, की डॉक्टर येईपर्यंत नवऱ्याने तिला बर्फात बसवून ठेवले. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. ती वाचली ती बहुधा त्यामुळेच. (आज असे प्रयोग घरी करू नयेत, थेट दवाखाना गाठावा.) तीन आठवड्यांनी शेली समुद्रात बुडाला. १८२४ मध्ये त्यांचा मित्र बायरन ग्रीसमध्ये तापाने गेला. मेरी तेव्हा २६ वर्षांची होती.

‘द लास्ट मॅन’ १८२६ मध्ये निघाली. गोष्ट एकविसाव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे आपल्या नातवंडांच्या काळातली. कॉन्स्टँटिनोपलकडून साथ पसरते. पैसा, सत्ता, विद्या, कशाचाच उपयोग होत नाही. लायोनेल व्हर्नी या एकालाच तो रोग होऊन उतरतो आणि २१०० साली ओसाड रोममध्ये तो एकटा फिरत राहतो. मेरीचा विल्यम रोममध्येच पुरलेला आहे आणि शेलीची रक्षाही तिथेच आहे. हे माहीत असले की शेवटची पाने वाचताना हात थबकतो. पहिले शंभर-दीडशे पानांचे प्रेमप्रकरण आणि दरबारी राजकारण कंटाळवाणे आहे, हेही सांगून टाकतो. पण साथ सुरू झाली की पुस्तक खाली ठेववत नाही. कोरोनाकाळ काढलेल्या वाचकाला अफवा, पळापळ, भोंदू धर्मगुरू, सगळे ओळखीचे वाटेल.

त्या वेळच्या टीकाकारांनी मात्र रोगट कल्पना म्हणून पुस्तकाला झोडपले. १८३३ नंतर ते थेट १९६५ मध्ये पुन्हा छापले गेले.

१८३१ च्या ऑक्टोबरात पटकी खरोखरच इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरली. पुढच्या सप्टेंबरात तिने मेरीचा सावत्र भाऊ विल्यम नेला. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनच्या एका हापशावरून दाखवले ते १८५४ मध्ये. ते पाहायला मेरी नव्हती. अनेक वर्षे डोकेदुखीने हैराण होऊन १ फेब्रुवारी १८५१ रोजी, ५३ व्या वर्षी ती गेली. मेंदूत गाठ असावी असे डॉक्टरांचे मत पडले. वर्षभराने घरच्यांनी तिचे लिहिण्याचे मेज उघडले, तेव्हा आत तिच्या गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा निघाल्या.