नामदार गोखले यांचे विधेयक

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या लहानशा गावी 9 मे 1866 रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरांतील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. गोपाळ एकेक पैसा जपून वापरी. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रात्री तो रस्त्यावरील दिव्याखाली वाचीत बसे. शिक्षणाची किंमत कोणाला आणि कशी मोजावी लागते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळे. गोखले मात्र पुण्यास येऊन न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांवर समाधान मानावयाचे, अशी ती अट होती. संस्थेच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकवीत. ज्या विषयाला शिक्षक नसे, तो गोखल्यांकडे येई आणि ते रात्री जागून त्याची तयारी करीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे कितीतरी शाळांतून चालले. सुट्टी लागली की हेच प्राध्यापक महाविद्यालयाच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरत.

पुण्यातच त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गुरू लाभले. प्रजेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी 1870 साली सार्वजनिक सभा ही संस्था निघाली होती. तिच्या कामाच्या निमित्ताने रानडे गोखल्यांकडून सरकारी अहवाल वाचून घेत, त्यांतील आकडे पडताळावयास लावीत आणि मजकूर मनास येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहावयास सांगत. सरकारी अहवालाइतके रूक्ष वाचन दुसरे क्वचितच असेल. परंतु मीठ, जमीन व सैन्य यांवर सरकार काय घेते आणि काय खर्च करते, हे त्यांतूनच कळे. नुसता संताप उपयोगी नाही, पुरावा हवा, हा धडा गोखल्यांनी येथे गिरवला.

पुढे ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आणि 1902 साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून गेले. या सभासदांना नामदार म्हणत. तेव्हापासून महाराष्ट्र त्यांना नामदार गोखले या नावाने ओळखू लागला. अंदाजपत्रकावर ते बोलू लागले की इंग्रज अधिकारीही आपले कागद सावरून बसत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले. नळ, गटारे, रस्ते व शाळा यांचा कारभार लोकांनी आपला आपण चालवणे हीच स्वराज्याची पहिली इयत्ता, असे ते मानीत.

12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. लोकांना राजकीय शिक्षण देणे, स्त्रियांच्या व मागासलेल्या वर्गांच्या शिक्षणास साहाय्य करणे हे या समाजाचे उद्देश होते. लोकांना शिकवावयास निघण्यापूर्वी सभासदांना स्वतः काही वर्षे अभ्यास करावा लागे.

परंतु ज्याला अक्षरओळखच नाही, त्याला राजकीय शिक्षण कसे द्यावयाचे? 1911 च्या शिरगणतीनुसार हिंदुस्थानात शंभरांत सहा माणसांनाही लिहितावाचता येत नव्हते. स्त्रियांत तर हे प्रमाण शंभरांत जेमतेम एक होते. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न समजता शेतकरी अंगठा उठवी. कायदा कोणी केला, कर का वाढला, हे विचारावयाचे तरी कसे? सक्तीच्या शिक्षणाची मागणी पुण्याला नवी नव्हती. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे तीच मांडली होती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी ती अंमलातही आणली होती. मग सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात का होऊ नये, असा गोखल्यांचा प्रश्न होता.

1910 साली त्यांनी कायदेमंडळात यासंबंधी ठराव मांडला आणि 16 मार्च 1911 रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यांची मागणी अगदी माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करावे. तेही जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील आणि जेथील नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची इच्छा असेल तेथेच. प्रथम मुलांपुरती सक्ती असावी, पुढे ती मुलींनाही लागू करता यावी. ज्या पालकाची प्राप्ती महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा. आज ही मागणी फारच थोडी वाटते. त्या वेळी तेवढीही अनेकांना जड गेली.

विधेयक प्रांतोप्रांती मतांसाठी पाठवण्यात आले. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, असे अधिकारी म्हणू लागले. शेतकऱ्यांची व मजुरांची पोरे शिकली तर शेतावर आणि गिरणीत कोण राबणार, ही धास्ती काही जमीनदारांना व मालकांना वाटत होती. मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना यांसारख्या सभासदांनी मात्र गोखल्यांना पाठिंबा दिला.

मार्च 1912 मध्ये कलकत्त्यास दोन दिवस चर्चा झाली. मधुमेहाने गोखल्यांची प्रकृती खालावली होती. मंडळात सरकारी सभासदांचे संख्याबळ अधिक असल्यामुळे आपले विधेयक फेटाळले जाणार, हे ते पुरते जाणून होते. तरीही त्यांनी एकेका आक्षेपाला आकड्यांनिशी उत्तर दिले. कोणावरही शब्दाचा प्रहार केला नाही. विधेयक अधिक विचारासाठी समितीकडे पाठवावे, एवढाच प्रस्ताव मतास टाकला गेला. बाजूने तेरा मते पडली, विरुद्ध अडतीस.

गोखल्यांनी तो निर्णय शांतपणे स्वीकारला. प्रयत्न मात्र सोडला नाही. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले व तेथील हिंदी लोकांच्या लढ्यात गांधीजींच्या पाठीशी उभे राहिले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

तीन वर्षांनी, 1918 साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. सबंध देशासाठी असा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्यात मुलगे व मुली असा भेद नाही, आणि वयाची मर्यादा सहा ते चौदा वर्षे अशी आहे.