शिंकांना आवर घालणारे संशोधक : डॅनियल बोव्हे

पावसाळा सरताना अमरावती-अकोला परिसरातील धुऱ्यांवर आणि पडीक जागांवर गाजर गवत फुलते. त्याच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना शिंका सुरू होतात, नाक वाहते, डोळे खाजतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या लहानशा गोळीने आराम पडतो. या गोळ्यांचा मार्ग डॅनियल बोव्हे यांनी खुला केला.

बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ रोजी स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे झाला. जिनिव्हा विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यावर १९२९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

ॲलर्जीत शरीरातील पेशींमधून हिस्टामाइन हे द्रव्य बाहेर पडते आणि त्यामुळेच नाकाला खाज सुटते, पाणी वाहते. शरीरातील ॲड्रेनालिनसारख्या अन्य द्रव्यांना रोखणारी रसायने त्या वेळी ज्ञात होती. मग हिस्टामाइनलाच प्रतिबंधक का नसावा, या विचाराने बोव्हे कामाला लागले. १९३७ मध्ये ॲन-मारी स्टॉब यांच्यासह त्यांना तसे पहिले रसायन गवसले. हिस्टामाइनच्या घातक मात्रेपासून गिनीपिग वाचले. परंतु ते रसायन माणसाला देण्याजोगे नव्हते, इतके विषारी होते.

तरीही दिशा सापडली होती. १९४२ मध्ये फ्रान्समध्येच बर्नार्ड हाल्पर्न यांनी रुग्णांना देता येईल असे औषध पुढे आणले. १९४४ मध्ये बोव्हे यांचे मेपिरामाइन आले. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाच्या काळातील हे संशोधन होय.

१९४७ मध्ये ते पत्नी व सहसंशोधक फिलोमेना निट्टी यांच्यासह रोमला गेले. तेथे त्यांनी शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवर मोलाचे काम केले. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. ८ एप्रिल १९९२ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाची एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. क्लोरफेनिरामाइनसारखी जुन्या पिढीची औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात व झोप आणतात. सेटिरिझिनसारख्या नंतरच्या औषधांनी ती कमी येते, तरी काहींना येतेच. सोयाबीनच्या मळणी यंत्रावर हात चालवणाऱ्याला अथवा रात्री एसटी हाकणाऱ्याला ही डुलकी जिवावर बेतू शकते. शिवाय या गोळ्या हिस्टामाइनला अडवतात, ॲलर्जी मुळातून काढत नाहीत. त्रास वरचेवर होत असेल, तर मनाने गोळी घेण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.