मोरे यांच्या महाडची वाट

आमच्या ओळखीतली काही कुटुंबे अलीकडे कंबोडियाला जाऊन आली. आनंदाची गोष्ट आहे. बौद्ध माणसाने बौद्ध देश पाहिलेच पाहिजेत. अंगकोरच्या जंगलातली देवळे, झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंती, टोनले साप सरोवराकाठची खांबांवर उभी असलेली गावे, सारे फोटो आम्ही कौतुकाने पाहिले. सातव्या जयवर्मन या बौद्ध राजाच्या शिलालेखात 102 आरोग्यशाळांचा उल्लेख आहे, हेही या मंडळींनी आम्हाला सांगितले. त्यावर आम्ही सहज विचारले, की महाडजवळची गांधारपाले लेणी पाहिलीत का? पाहिली नव्हती. पनवेलहून कोकणात उतरणाऱ्या हमरस्त्यालगत, डोंगराच्या अंगावर तिसाच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. आमच्या माणसांच्या शेकडो गाड्या तिच्या पायथ्याखालून दर 20 मार्चला महाडला जातात आणि तशाच परत येतात.

म्हणून गेल्या वर्षावासात पनवेलचे आम्ही आठ कार्यकर्ते एक जीप ठरवून पहाटे निघालो. एका दिवसात लेणी, दासगाव आणि चवदार तळे पाहून रात्री परतायचे, असा बेत होता. पनवेलच्या नाक्यावर गाडी वळली तसा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर दादांनी सोनबाचा विषय काढलाच. प्रवासात असलेल्या बाबासाहेबांना या गावात पाणी नाकारले गेले आणि पुढे सोनबा नावाचा आपला एक माणूस पाण्याचा माठ घेऊन रोज त्यांची वाट पाहत राहिला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. आमच्या लहानपणापासून आम्ही ती ऐकत आलो. सोनबाची आठवण ठेवणारा समाज रामचंद्र बाबाजी मोरे यांना मात्र कसा विसरला, हा प्रश्न आम्हाला पेण, नागोठणे, माणगाव, लोणेरे अशी गावे मागे पडेपर्यंत छळत होता.

दासगाव रस्त्यावरच लागते. खाली सावित्रीची खाडी. बस मालकांनी गाड्या द्यायला नकार दिल्यामुळे डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी बोटीने आले ते याच दासगावच्या बंदरात, आणि इथूनच पाच मैल चालत महाडला गेले. हे गाव लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांचे. आपल्या चळवळीचे आद्य पुरुष गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातले आणि याच महाड परिसरातले. मोरे यांचा जन्म 1903 सालचा, महाड तालुक्यातला. ते वाढले ते अशा हवेत. पेन्शनर म्हातारे लिहू-वाचू शकत होते, अर्ज करू शकत होते, आणि आपण सरकारची नोकरी केली आहे ही ताठ मान त्यांच्याकडे होती. पोरानेही ती उचलली असावी.

त्याचा पुरावा अकराव्या वर्षीच मिळाला. मोरे शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेले. शाळा ज्या घरात भरत होती त्या घराच्या मालकाला अस्पृश्य मुलगा नको होता, म्हणून शाळेने दार बंद केले. दुसरा कोणी असता तर रडत घरी गेला असता. या मुलाने वर्तमानपत्राला पत्र धाडले. ते छापून आले, वरून चक्रे फिरली आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. घेतले, पण बसवले वेगळे. 1914 सालची ही गोष्ट आहे. बाबासाहेब तेव्हा अमेरिकेत शिकत होते आणि महाडचा एक पोर इकडे एकट्याने लढत होता, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

पुढचे शिक्षण गरिबीने खाल्ले. मुंबई-पुण्यात पडेल ते काम केले, पुन्हा महाडला आले. महाडच्या बाजाराला खेड्यापाड्यांतून आपली माणसे लाकूडफाटा घेऊन यायची. दिवसभर उन्हात बसायची, पण प्यायला घोटभर पाणी मिळत नसे. तळे समोर, पण त्याला हात लावण्याची सोय नाही. या माणसांसाठी महाडात चहाचे एक दुकान निघाले आणि त्यात मोरे यांचा पुढाकार होता. नुसते चहाचे दुकान म्हणू नका. माणूस पाणी पिऊन बाकावर टेकला की गाऱ्हाणे सांगू लागतो. वेठबिगारीची, मारहाणीची, जमिनीची गाऱ्हाणी तिथे ऐकली जायची आणि त्यांचे अर्ज लिहिले जायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर ते महाडमधले चळवळीचे पहिले कार्यालय होते. आमचे आजचे कित्येक नेते आलिशान कार्यालय थाटतात, पण तिथे गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या माणसाला पाणी कोणी विचारत नाही!

1923 साली बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तो कागदावरून उतरवायचा तर बाबासाहेबांनाच महाडला आणले पाहिजे, हे मोरे यांनी ओळखले आणि त्यांच्यामागे लकडा लावला. आज जमेल, उद्या जमेल करत तीन वर्षे गेली, पण या विशी-बाविशीतल्या पोराने पिच्छा सोडला नाही. संभाजी तुकाराम गायकवाड, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशी माणसे एका धाग्यात आली. गावोगाव बैठका झाल्या. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला पाणी चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे, आम्ही ते इथे उगाळत नाही.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना पाऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंना रान माजलेले, पायऱ्यांवर शेवाळ. वर पोचल्यावर सावित्री आणि गांधारी या नद्यांचा संगम दिसतो. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी भिक्खूंनी इथे विहारांबरोबर खडकात पाण्याच्या पोढीही कोरल्या. वाटसरू आला तर त्याला आधी पाणी. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात पुढे माणसाला पाणी बाटते झाले. आमच्यातली दोन मुले पोढीच्या काठावर बराच वेळ गप्प बसून होती.

आता अवघड भाग. 1930 च्या सुमारास मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. गिरणी कामगारांत, गोदीत काम केले, तुरुंग भोगला, हलाखीत दिवस काढले. इथेच आमचा समाज त्यांच्यापासून दुरावला, आणि त्याला कारणे आहेत. बाबासाहेबांचा मार्क्सवादाशी मतभेद तात्त्विक होता, तो शेवटपर्यंत राहिला. 1952 च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब पडले, तेव्हा डांगे यांनी मते कुजवण्याचा प्रचार केला होता. ही जखम आम्ही विसरलेलो नाही, विसरणारही नाही. मोरे त्या वेळी त्याच पक्षात होते. आमच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ असला पाहिजे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. असे दोन झेंडे एकत्र यावेत, यासाठीच मोरे आयुष्यभर झिजले. बाबासाहेबांशी त्यांचा स्नेह तुटला नाही. आणि पक्षात राहून त्यांनी मान खाली घातली नाही. 1950 च्या दशकात त्यांनी पक्षाच्या वरिष्ठांना अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था या विषयावर टिपण सादर केले. वर्गाचे राज्य आले की जात आपोआप जाईल, असे मानणाऱ्या पुढाऱ्यांच्या गळी हा प्रश्न उतरवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 1965 साली त्यांनी जीवनमार्ग हे साप्ताहिक सुरू केले. 1972 मध्ये ते गेले. त्याच वर्षी दलित पँथरचा जन्म झाला आणि जात की वर्ग हा वाद पेटला. मोरे यांनी वीस वर्षे आधी मांडलेला प्रश्न तिथे पुन्हा उभा राहिला, त्यांचे नाव मात्र आमच्या फार थोड्या लोकांना आठवले.

त्यांचे आत्मचरित्र अर्धेच राहिले. चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी पुढचे चरित्र लिहून पूर्ण केले. 2003 साली ते मराठीत आले, 2019 मध्ये इंग्रजीत. आमच्या घरोघरच्या कपाटांत ते किती आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

संध्याकाळी चवदार तळ्यावर पोचलो. पाऊस थांबला होता. बाबासाहेबांना वंदन केले, ओंजळीने पाणी घेतले. चारी बाजूंना घरे, घरांतून दूरदर्शनचे आवाज. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने विचारले, की मोरे यांचे चहाचे दुकान कुठे होते? आम्हाला सांगता येईना. बाजारात दोन दुकानदारांना आणि एका रिक्षावाल्याला विचारले. कोणालाच माहीत नव्हते. तिसऱ्या दुकानाचा म्हातारा मालक म्हणाला, की पुढच्या वेळी दिवसा या, शोधून ठेवतो. जीप पनवेलला पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले.