कळपापुढे चालणाऱ्या पंडिता रमाबाई

मंडळीत पुढारी निवडायचा झाला की आपण प्रथम त्याचे बोलणे, शिक्षण आणि घराणे पाहतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात प्रभूने निराळीच खूण दिली आहे. मेंढपाळ कळपापुढे चालतो. लांडगा दिसताच मोलकरी पळतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र ही खूण हाती धरून वाचावे.

विद्या व वाणी त्यांच्यापाशी भरपूर होती. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली तिला पंडिता ही पदवी दिली. पण त्याआधीच आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत दगावली होती. उपास म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८२ साली वैधव्य आले, आणि १८८३ साली इंग्लंडात लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले व पुढे ते पुण्यास गेले. तेथे परीक्षा झाली. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात ओरड झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ही माणसे वाईट नव्हती, त्यांनी बाईंना आधीपासून मदत केली होती. म्हणूनच तो घाव मोठा. रमाबाईंनी कोणावर धर्म लादला नाही, तशीच आपल्या खोलीची दारेही लावून घेतली नाहीत.

मग १८९६ चा दुष्काळ आला. पत्रे लिहून मदत पाठवता आली असती. पण बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेच मुक्ती सदन. १९०० साली दुष्काळाने आपला गुजरात होरपळला, तेव्हा इकडच्याही कितीतरी मुली केडगावी पोहोचल्या. गोडादऱ्यात आपली बहुतेक कुटुंबे पोटासाठी खानदेशातून आली. त्या साली भाकरीची वाट उलटी, दक्षिणेकडे, गेली होती.

त्या सुमारास सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एकटीने एवढा भार उचलणे शक्य नव्हते. निर्गम १८ मध्ये इथ्रोने मोशेला दिलेला सल्ला शब्बाथशाळेत आपण शिकवतो; केडगावात तो रोज पाळला जाई. आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना सांभाळीत. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, सारे बायकांच्या हाती असे.

शेवटची अनेक वर्षे बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्यात घालवली. काम पुढे चालवील म्हणून जिच्याकडे पाहिले ती मनोरमा १९२१ साली वारली. तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते शास्त्र केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या कित्येक जणी सदनात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.